पेटीचा पट्टा

नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार. उन्हाळ्यानंतरची आमची पहिली फेरी.

हजर: आपा, गाडी चालवायला आणि अरबी बोलायला. आपाची मुलगी, सुट्टी होती आणि आईने ओढून आणलं म्हणून. मी, सामान, लेबलं आणि जेवणाचे डबे सांभाळायला. आणि तिथे पोचल्यावर, आम्ही खालती म्हणायचो ती विणकर बाई, जिच्या अंगणात सगळं काम चालायचं. गैरहजर: ग्रुपमधल्या बाकी सगळ्या. कुणाकडे मुलांच्या परीक्षा, कुणाकडे पाहुणे, एकीला वाळूची ॲलर्जी.

कुठल्याही कामाची नोंद मी अशीच सुरू करते. आधी कोण होतं ते, मग काय झालं ते. ही वेगळी कशी सुरू करायची ते मला सुचलं नाही.

आपा माझी कोणी लागत नव्हती. रत्नागिरीकडच्या खाडीकाठची, माझ्याहून बरीच मोठी, मस्कतच्या हमरिया भागातल्या एका जुन्या इमारतीत राहणारी. नवऱ्याचं शेजारच्या रुवीत अस्तर, चेन, बटणं, लेस असल्या शिवणसामानाचं दुकान. मस्कतला नवीन असताना मी तिथे ब्लाउजचं अस्तर घ्यायला गेले आणि पुणेरी हिंदीत रंग समजावू लागले, तेव्हा गल्ल्यावरून आवाज आला, "मराठीत बोल गो बाय, एवढी कशाला दमतेस?" सगळी हमरिया तिला आपा म्हणायची. मीही म्हणायला लागले.

विणकर बायकांचं हे कामही तिनेच काढलेलं. बिदिया गावाच्या पुढे, वाळूच्या टेकड्यांना लागून, बदू, म्हणजे वाळवंटातल्या मूळच्या भटक्या, लोकांची घरं आहेत. तिथल्या बायका मेंढीच्या लोकरीचे लांब पट्टे विणतात, लाल, काळे, पांढरे. पूर्वी ते उंटांवर चढायचे. आता उंटच पिकअपमध्ये चढतात, त्यामुळे त्या पट्ट्यांच्या पिशव्या होतात, उशांचे अभ्रे होतात, गाडीच्या किल्लीला अडकवायचे गोंडे होतात. आपाचं दुकान चेन आणि अस्तर द्यायचं, रुवीतल्या आम्ही काही जणी शिवून द्यायचो, मी फोटो काढून, लेबलं लावून माल प्रदर्शनांना पाठवायचे. पगार नाही, संस्था नाही. थंडीत एक शुक्रवार सोडून एक शुक्रवार सकाळी निघायचं आणि अंधाराच्या आत परतायचं. येताना वाटेतलं काहीतरी बघायचं, ही आपाची अट. "निस्ती समाजसेवा करून तोंडं सुकतात," म्हणायची.

त्या शुक्रवारी इब्राच्या पुढे पेट्रोल पंपावर आम्ही चहाला थांबलो. मुलगी चिप्स आणायला पंपाच्या दुकानात गेली. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"पसरलंय म्हणाले." ती चहाच्या कपाचं झाकण उघडायच्या खटपटीत होती. "औषध देऊ म्हणाले. मी म्हटलं, मार्चात पोरीचा निकाह आहे, तेव्हा उभी असेन ना? तर म्हणाले, औषध देऊ."

"आपा, आपण मुंबईत दाखवू. माझी एक बहीण तिथे…"

"झाली मॅनेजरीण सुरू. आधी ऐकून घे. मला पट्टा विणायचाय."

"कसला पट्टा?"

"पेटीला बांधायचा. खालतीच्या पेटीला आहे ना, तसला."

तो पट्टा मी पाहिला होता. खालतीच्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्याभोवती जुना, वापरून मऊ झालेला पट्टा गुंडाळून गाठ मारलेली होती. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईने विणून दिलेला. त्यांच्या घराण्यात मुलीचं सामान आईच्या हातच्या पट्ट्याने बांधून पाठवायचं, अशी रीत होती. दुसऱ्या कोणाच्या हातचा चालत नाही, विकतचा तर नाहीच.

"मी आयुष्यभर खोकी बांधली गो," आपा म्हणाली. "दर सुट्टीला गावी जायचं, खोक्याला नायलॉनची दोरी, वर मार्करने नाव. दोरीचे वळ अजून आहेत बघ बोटांवर. माझी पोर निकाहानंतर दुक्मला जाणार, पार लांबच्या बंदरावर. जाईना का दुक्मला, पण तिची पेटी मी दोरीने नाही बांधायची."

"तुला विणता कुठे येतं?"

"म्हणून तर निघालेय. शिकायला वेळ नको?" मग दुकानाच्या दाराकडे बघत म्हणाली, "तिला सगळं ठाऊक आहे. तिच्यासमोर रडायचं नाही, एवढंच सांभाळ. तुझं नाक लगेच लाल होतं."

मुलगी चिप्सची तीन पाकिटं घेऊन आली. आम्ही पुढे निघालो.

खालतीचं वय तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. खालती म्हणजे अरबीत मावशी. चेहऱ्यावर बदू बायका घालतात तो कडक कापडाचा मुखवटा, त्यातून दिसणारे दोन डोळे, आणि त्या डोळ्यांनी ती हसायची, रागवायची, टोमणे मारायची. आपाने तिला आजाराचं सांगितलं आणि पट्ट्याचंही. दोन्ही एकाच दमात. खालतीने आधी आपाचे हात हातात घेतले, पालथे केले, उताणे केले, आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणते, दुकानदाराचे हात आहेत. कात्री धरणारे. पण बघू."

त्यांचा माग उभा नसतो. जमिनीवर असतो. झावळ्यांच्या मांडवाखाली वाळूत चार खुंट्या ठोकायच्या, दोन या टोकाला, दोन त्या टोकाला. त्यांना एकेक दांडा बांधायचा आणि मधे उभे धागे ताणायचे. त्या दिवशी मुलगी आणि मी लोकरीचे गुंडे घेऊन या टोकाहून त्या टोकाला पळत होतो आणि खालती मधे बसून धागा अडकवून घेत होती. मी जरा सावकाश गेले की म्हणायची, "यल्ला, यल्ला, आटपा, या बाईला कोणी पोटभर खायला देत नाही का?" मुलगी हसून हसून बेजार झाली. तिचं अरबी शाळेतलं, पण टोमणे तिला कळायचे.

धागे ताणून झाले. दोन दुधाच्या रिकाम्या डब्यांवर एक काठी आडवी ठेवली, तिच्यामुळे एक सोडून एक धागा वर उचलला जातो. खालतीने सुरुवातीची वीतभर वीण स्वतः घालून दाखवली, मग उसवली आणि आपाला म्हणाली, आता तू. आपाने घातली. आडवा धागा ओढायचा, लाकडी पात्याने ठोकायचा, हरणाच्या शिंगाच्या टोकाने नीट करायचा. दुपारपर्यंत तळहाताएवढं विणून झालं.

मग खालतीने सांगितलं, आता यावर बस.

आपाला वाटलं तिला चुकीचं ऐकू आलं. तिने पुन्हा विचारलं. तेच उत्तर. जमिनीवरच्या मागात धागे जागेवर असतात आणि विणणारी सरकते. जेवढं विणून होईल त्यावर बसायचं आणि पुढचं विणायचं. काठी पुढे, डबे पुढे, आपण पुढे. बसणारीच्या वजनाने वीण सरळ राहते. पट्टा पुरा होतो तेव्हा ती दुसऱ्या टोकाला पोचलेली असते आणि सगळं काम तिच्याखाली असतं.

"तौबा," आपा मला म्हणाली. "कापडाच्या धंद्यात जन्म गेला. ताग्याला पाय लागला तर मी गिऱ्हाइकाला उठवायची. आणि हिला पोरीच्या पट्ट्यावर बूड टेकवून हवंय."

"मग नको बसू. बाजूने वीण."

"बाजूने हात कसा पोचेल?" तिने चपला काढल्या, मग मोजे काढले, मग पाय पुसले. विणलेल्या भागाला हात लावून तो हात डोळ्यांना लावला आणि बसली. खालतीचे डोळे मोठे झाले. तिने मुलीला विचारलं, तुझी आई नमाज पढतेय का? मुलगी म्हणाली, "शी इज जस्ट… ती फक्त सॉरी म्हणते." मग तेच तिने अरबीत सांगितलं. खालती बराच वेळ मान हलवत राहिली.

त्या दिवशी परतताना आम्ही वादी बनी खालिदला गेलो. डोंगराच्या पोटात हिरवं पाणी, काठाला खजुरी, शुक्रवारची गर्दी. आपाने सलवार पोटऱ्यांपर्यंत वर केली आणि पाण्यात पाय सोडून बसली. तिथले बारीक मासे येऊन पायांच्या कातडीला टोचतात. परदेशी बायका किंचाळत होत्या. आपा शांत बसून माशांकडे बघत होती.

"अम्मी, तुला थंडी होणार," मुलगी म्हणाली. "पाणी खूप… वेट आहे."

"पाणी वेट नसेल तर काय असेल?"

"ओलं नाही, ते… कोल्ड."

"हिला दुक्मला पाठवतेय मी," आपा मला म्हणाली. "तिथे सगळे पुरुष, प्रोजेक्टवरचे. बायकोला घेऊन जाणारा आमचा जावई एकटाच वेडा. आणि ही अशी. भांडणार कुठल्या भाषेत?"

"इंग्लिशमध्ये," मुलगी म्हणाली.

"इंग्लिशमध्ये भांडण होत नाही गो. नुसती मीटिंग होते."

आम्ही तिघी हसलो. तिच्या पायांभोवती मासे गोळा होत होते आणि ती त्यांना हाकलत नव्हती. माझ्या नाकाकडे बघून तिने डोळे वटारले. मी डबे धुवायला उठले.

डिसेंबरात औषध सुरू झालं. रुग्णालयात जाण्याचे दिवस आणि बिदियाचे शुक्रवार एकमेकांवर येऊ नयेत असा तक्ता मी केला. जेवणाचे डबे कोणी कधी द्यायचे, दुकानात कोण बसेल, गाडी कोण चालवेल, सगळं ठरवलं. गाडी मीच चालवायला लागले. आपा शेजारी बसून माझ्या प्रत्येक वळणाला ब्रेक मारल्यासारखा पाय दाबायची.

पट्टा सरकत होता. चांगल्या दिवशी चांगला, वाईट दिवशी बोटभर. जानेवारीच्या सुरुवातीला मी फोटो काढायला वाकले तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं की पट्टा रुंद होत चालला आहे. सुरुवातीला अरुंद, घट्ट, कडा सरळ. मधे कडा थोड्या बाहेर. आणि आता जिथे ती बसली होती तिथे चांगलाच पसरट. मी खालतीला खुणेने विचारलं. तिने आडवा धागा ओढल्याचा अभिनय केला, मग मूठ सैल सोडून दाखवली. आडवा धागा जेवढ्या जोराने ओढाल तेवढे उभे धागे जवळ येतात. ओढायला जोर नसला की कापड सुटतं.

आपाला हे माझ्या आधीच माहीत होतं. "कोपऱ्यावरचा शिंपी हा तुकडा बघेल तर सांगेल," ती म्हणाली, "इथे पहिलं इंजेक्शन, इथे दुसरं, इथे उलट्या."

"थोडं उसवूया का? परत घट्ट…"

"उसवून पुढचं कधी घालू? राहू दे. पोरीला दिसू दे तिची आई कुठे दमली ते."

मुलगी त्या वेळी खालतीबरोबर शेळ्यांना पाणी द्यायला गेली होती. तिने ऐकलं नाही, असं मला वाटतं.

त्यानंतर प्रवास जमेना. मी उपाय शोधायला लागले. माग हमरियात आणता येईल का? फरशीत खुंट्या ठोकता येणार नाहीत, पण गच्चीवर रंगाच्या मोठ्या डब्यांत वाळू आणि सिमेंट भरून त्यात रोवल्या तर? मी मापं घेतली, इमारतीच्या वॉचमनशी बोलले, त्याने इन्शाल्ला म्हटलं, म्हणजे नाही. तरी मी डबे आणले. मग खालतीला फोन केला, आपाच्या दुकानातल्या अरबी येणाऱ्या नोकराला मधे घालून. ती शांतपणे म्हणाली, धागे एकदा खुंटीवरून सुटले की त्यांचा ताण जातो, मग सारख्या मापाचे पुन्हा कधीच होत नाहीत. पट्टा इथेच पुरा होईल किंवा होणार नाही. आपाला यायला सांग, मी अंथरूण घालते.

आपा गेली. जानेवारीचा शेवटचा शुक्रवार. मागच्या सीटवर गाद्या, उशा, उलटीची पिशवी, पाण्याच्या बाटल्या. मुलगी मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन. खालतीने मागापाशी घोंगडी आणि उशा रचून पाठीला आधार केला होता. आपाला आम्ही दोघींनी उचलून पट्ट्यावर बसवलं. आता पुढे उरले होते ते उभे धागे माझ्या हाताच्या लांबीपेक्षा थोडे जास्त.

मी तिच्या पाठीशी बसून तिचे खांदे धरले. ती धागा घालायची, खालती पातं ठोकायची. "तू ठोकू नको," आपा तिला म्हणाली, "तुझा जोर लागला तर माझं खोटं दिसेल." खालतीने पातं तिच्या हातात दिलं आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला नाही. मला ते फार कठीण गेलं, बघणं. ठोक्याचा आवाजच येत नव्हता.

चार ओळी झाल्या असतील. मग आपाने पातं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "खलास. आज बस." आणि मुलीला म्हणाली, "किती राहिलं ग?"

मुलीने हाताने मोजून दाखवलं. "एवढं."

"एवढंच ना. पुढच्या खेपेला करते."

परतताना ती म्हणाली, वाळू बघायची. रस्त्याला लागूनच टेकड्या सुरू होतात. मी गाडी उभी केली, खिडकी खाली केली. पर्यटकांच्या जीप टेकडीवर चढत होत्या आणि घसरत होत्या. एका जीपचं चाक रुतलं, सगळे उतरून ढकलायला लागले. "हवा काढा म्हणावं चाकातली," आपा डोळे मिटून म्हणाली. "हवा काढल्याशिवाय वाळूत चालत नाही."

पुढची खेप झाली नाही. फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, रुग्णालयात ती गेली. मी डबा घेऊन पोचले तेव्हा मुलगी बाहेर खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "काकू, डबा आता… नको." तिने ते वाक्य अगदी बरोबर मराठीत म्हटलं आणि शेजारच्या खुर्चीवरची आईची पिशवी उचलून मला जागा केली.

मस्कतमध्येच माती दिली. बायका कब्रस्तानात गेल्या नाहीत. आम्ही हमरियाच्या घरात बसून राहिलो. घर भरलेलं होतं. रत्नागिरीच्या, रायगडच्या, आमच्या इमारतीतल्या बायका. चहा, पाणी, जेवण, चपला, कोण कुठे झोपणार, हे सगळं मी पाहिलं. काम होतं म्हणून तो दिवस गेला.

महिना होत आला तेव्हा मुलगी म्हणाली, "काकू, आपण जाऊ या का? तिथे." मी गाडी काढली. आम्ही दोघीच. चहाला थांबलो नाही.

खालतीला फोनवर कळवलेलं होतं. तिने मुलीला जवळ घेतलं आणि मुखवटा वर करून तिच्या कपाळाला तोंड लावलं. मी तिचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. कहवा झाला, खजूर झाले. मग ती आम्हाला मांडवात घेऊन गेली. मागावर तिने चटई अंथरली होती, कडेला दगड ठेवले होते. तिने ते एकेक उचलले आणि चटई गुंडाळली. पट्टा होता तसा होता. दुधाचे डबे शेवटच्या जागेवर. पातं बाजूला, जिथे आपाने ठेवलं होतं तिथे. बसायच्या जागी लोकर थोडी दबलेली.

खालती मुलीशी बोलली. मुलगी ऐकत होती आणि मला सांगत होती, कारण आता दुसरं कोणी सांगणारं नव्हतं.

"ती म्हणते, आईचं राहिलं तर मुलीने करायचं. त्यांच्यात असंच असतं. ती मला शिकवणार. थोडंच आहे." मग तिने पट्ट्याकडे पाहिलं. "ती म्हणते, बस."

मुलीने चपला काढल्या. मोजे काढले. ओढणीच्या टोकाने पाय पुसले. विणलेल्या भागाला हात लावला, तो डोळ्यांना लावला. सगळं आईसारखं. मग एक पाय उचलला आणि तो हवेतच राहिला.

"काकू, मी कसा पाय ठेवू?" तिने पाय मागे घेतला. "अम्मी इथे बसली होती. मी अम्मीवर कसा पाय ठेवू?"

मी म्हटलं, "अगं, ते नुसतं कापड आहे." म्हटलं खरं, पण मलाही ठेवता आला नसता. मी खरंच पुढे झाले होते. तिला धीर यावा म्हणून मी आधी बसून दाखवते, असं ठरवून. काठापर्यंत गेले. जिथे पट्टा रुंद व्हायला लागला होता तिथे माझी नजर गेली आणि माझेही पाय थांबले.

खालतीला काहीच कळेना. ती आमच्या दोघींकडे बघत होती. तिने विचारलं, काय झालं? मुलीने सांगायचा प्रयत्न केला. आमच्यात पाय लावत नाहीत, मोठ्यांना, पुस्तकाला, आणि जे गेले त्यांच्या वस्तूला. अरबीत ते कसं निघालं ते मला माहीत नाही. खालती ऐकत राहिली. मग हळूच, अगदी हळूच, काही बोलली आणि मुलगी रडायला लागली. हुंदके देऊन, लहान मुलासारखी.

"काय म्हणाली?"

"म्हणाली… म्हणाली, तू आईच्या मांडीवर बसली होतीस ना?"

खालती वाळूत बसली. तिने मुलीला खाली ओढून आपल्या मांडीवर घेतलं, एवढी मोठी मुलगी, नोकरी करणारी, निकाह ठरलेली. मुलगी खालतीच्या मांडीवर बसली. पट्ट्यावर बसली नाही. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि मला करण्यासारखं काहीही नव्हतं. पाणी आणायला गेले, तर पाणी तिथेच होतं.

मी मग मुलीकडून खालतीला विचारून घेतलं, तुम्ही पुरा कराल का? खालतीने मानेनेच नाही म्हटलं, आणि कारण सांगितलं. आईचा नाही तर मुलीचा हात हवा, माझा घातला तर तो माझा पट्टा होईल, मी तिला विकत दिल्यासारखं. दुसरा मार्ग तिने सांगितला. आहे तिथे कापायचा. उरलेल्या उभ्या धाग्यांच्या वेण्या घालायच्या. पेटीला वेढा बसणार नाही, तेवढी लांबी नाही, पण घरात ठेवता येईल. हवं तर आत्ताच कापते.

मुलगी म्हणाली, नको. आत्ता नको.

खालतीने चटई परत अंथरली. दगड ठेवले.

मार्चात निकाह झाला, ठरलेल्या दिवशी, घरातल्या घरात. आपाच्या नवऱ्याने सांगितलं, तिने तारीख ठरवली होती, बदलायची नाही. बिर्याणी हॉटेलातून आली, मी मोजून मागवली होती तरी उरली. मुलगी दुक्मला गेली ती चाकांच्या सुटकेसमध्ये थोडे कपडे घेऊन. आपाने आणून ठेवलेली पेटी हमरियाच्या आतल्या खोलीत आहे. आपाच्या नवऱ्याने मला एकदा विचारलं, "बाई, तिच्या पेटीचं काय करायचं?" मी म्हटलं, "बघते."

ग्रुपचं काम चालू आहे. आता ग्रुपमधली दुसरी एकजण गाडी चालवते, अरबी बोलणारी एक शिक्षिका मिळाली आहे. मी जाते. माल घेते, लेबलं लावते. मांडवाकडे बघत नाही.

मेमध्ये खालतीचा निरोप आला, फोनवर, तिच्या आवाजात. मागे वारा. शिक्षिकेने मला अर्थ सांगितला. ऊन वाढलंय, आम्ही उन्हाळ्यासाठी खजुरांच्या बागेत राहायला चाललो. घर बंद राहील. मांडव वाऱ्यात टिकेल का सांगता येत नाही, वाळू भरेल, शेळ्या फिरतील. लेकीला विचार आणि मला सांग: कापू, का तसाच ठेवू, का ती येतेय.

मी दुक्मला फोन लावला. मुलीने सगळं ऐकून घेतलं. मागे तिच्या घरात एसीचा आवाज येत होता. 

"काकू," मग ती म्हणाली, "तुम्ही ठरवा ना. तुम्हाला सगळं ठरवता येतं. अम्मी म्हणायची."

मी तिला म्हटलं की ठरवते. खालती निघायच्या आधी कळवते, असंही म्हटलं. तिचा निरोप मी पुन्हा दोनदा ऐकला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शिक्षिकेला सांगितलं की उद्या संध्याकाळी फोन करू, तू बोल, मी सांगते काय म्हणायचं ते. ती संध्याकाळ झाली. शिक्षिका आली, चहा झाला, फोन टेबलावर ठेवला. ती म्हणाली, "सांगा, काय बोलू?"

मी तिला म्हटलं, उद्या करू.

खालतीला उत्तर द्यायचं राहिलं आहे.